खांद्याची सुई नडगीत

माझा उजवा हात कानाच्या वर जायचा बंद झाला, हे आधी माझ्या लक्षात आलं नाही, वर्गातल्या दीडशे पोरांच्या लक्षात आलं. भौतिकशास्त्राचा तास होता. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी नेहमीसारखी तारीख टाकायला गेलो आणि हात अर्ध्या वाटेत अडकला. खांद्याला कुणी आतून कडी घातल्यासारखा. डाव्या हातानं मी उजव्याचं कोपर धरलं, वर ढकललं, कशीबशी तारीख टाकली आणि वळून म्हणालो, "याला म्हणतात बाह्य बल." पोरं हसली. मीही हसलो. दुखलं मात्र इतकं, की पुढची पाच मिनिटं मी गतीचा दुसरा नियम तिसरा म्हणून शिकवला आणि पोरांनी तो तसाच उतरवून घेतला.

तेव्हा भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती. लातुरात घर तिथं क्लास अशी परिस्थिती होती. चाकूरपासून धर्माबादपर्यंतची पोरं खोल्या करून राहायची, डबे लावायची आणि पहाटे सायकली हाणत क्लासला यायची. मी ज्या क्लासमध्ये शिकवत होतो तिथं सगळ्यात मानाची बॅच रिपीटरची. एकदा मेडिकलला थोडक्यात हुकलेली, घरच्यांचे टोमणे खाऊन परत आलेली पोरं. ती बॅच ज्याच्याकडं तो खरा सर, बाकीचे नुसते शिकवणारे. नऊ वर्षं ती माझ्याकडं होती.

त्याच वर्षी संचालकांनी एक नवे सर आणले. वय अठ्ठावीस, उंची सहा फूट, आणि दोन्ही हातांनी फळ्यावर लिहायचे. एका हातानं आकृती, दुसऱ्या हातानं समीकरण. असल्या माणसाशी माझी एका हाताची, त्यातही अर्ध्याच हाताची लढाई.

मार्च महिन्यात संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, जूनचा पहिला तास. फळा वरपासून खालपर्यंत भरला पाहिजे. मागच्या बाकावरल्याला खालचं दिसत न्हाई."

"आणि नाही भरला तर?"

"तर ती बॅच नवे सर घेतील. तुम्हाला नववीचं फाउंडेशन देतो. लई लिहावं लागत न्हाई. आराम पडंल."

त्या 'आराम' शब्दाचा मला इतका राग आला, की मी तिथंच हात झटकला. उजवा झटकला. डोळ्यांत पाणी आलं. संचालकांना वाटलं सर भावूक झाले, त्यांनी चहा मागवला.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नाव सांगितलं: गोठलेला खांदा. व्यायाम करा, शेक द्या, इंजेक्शन घेऊन बघू. नाहीच सुटला तर भूल देऊन हात फिरवून मोकळा करू. तसा वर्ष-दीड वर्षात आपोआपही सुटतो, असं ते दाराशी पोहोचवताना म्हणाले. माझ्याकडं तीन महिने होते.

बायको म्हणाली, "अहो, घ्या की भूल. झटक्यात काम होईल."

"शुद्धीत असताना माझा हात माझं ऐकत नाही. बेशुद्धीत तो दुसऱ्याचं ऐकेल, हे मला मान्य नाही."

"मग काय, तसाच लटकवत फिरणार?"

"फिरीन. पण झोपून हात सोपवणार नाही."

हा शूरपणा नव्हता. भूल या शब्दानंच मला घाम फुटायचा. पण घाबरलो म्हणण्यापेक्षा मान्य नाही म्हणणं मला आयुष्यभर सोपं गेलंय.

नांदेडच्या बाईंचं मला एका पालकानं सांगितलं. इस्लापूरकडचा शेतकरी माणूस, पोरीला भेटायला यायचा. म्हणाला, "सर, माझा गुडघा बसत न्हवता. त्या बाईनं सुया टोचल्या. आता बसून राहिलो ना तुमच्या म्होरं मांडी घालून?" बाई रीतसर डॉक्टर होत्या. भूकंपानंतरच्या शिबिरात पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी कमरा-गुडघ्यांना सुया टोचल्या होत्या, तेव्हापासून गावोगावचे लोक त्यांना ओळखत.

स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं आणि चूक केली. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "चिनी सुया? चिनी खेळणी आठ दिवसांत बंद पडतात, सर. हात वर गेला आणि वरच अडकला तर?" सगळे टेबल बडवून हसले. नवे सर हसले नाहीत. ते सभ्य होते, त्यामुळे मला जास्त राग यायचा. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, की जूनमध्ये मी फळा भरणार आणि तोही याच सुयांच्या जोरावर. तोपर्यंत मी जाणार की नाही हेही माझं ठरलं नव्हतं.

बाईंना फोन लावला. त्यांनी तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. खांद्याचा फोटो आणि साखरेचा रिपोर्ट आणा, साखर उपाशीपोटी तपासायची. इथं येताना मात्र पोटभर खाऊन या. आणि त्या दिवशी सकाळी जीभ घासू नका.

आता माझ्यातला मास्तर बघा. लातुरात आम्ही प्रश्नाचं खरं उत्तर शोधत नाही, अपेक्षित उत्तर शोधतो. मी वाचनालयातून चिनी वैद्यकावरचं एक पुस्तक आणलं आणि दोनशे पानी वहीत संभाव्य प्रश्न काढले. झोप कशी लागते? तहान किती? घाम कुठं येतो? पोट साफ होतं का? थंडी सोसते की गरमी? प्रत्येकासमोर आदर्श उत्तर लिहिलं आणि पाठ केलं. जिभेवर अख्खं प्रकरण होतं. ते वाचल्यावर वाटलं, एवढ्या महत्त्वाच्या अवयवाची तपासणी, आणि घासल्याशिवाय दाखवायची? बाई संकोचानं म्हणाल्या असतील. जिभळी घेतली आणि दोनदा खसखसून जीभ लाल केली. पोटाचंही तसंच. रिपोर्ट उपाशी, मग इलाजही उपाशीच केलेला बरा, निकाल शुद्ध येतो. पहाटेच्या गाडीनं उपाशीपोटी नांदेड गाठलं.

कापडाच्या दुकानाच्या वर दवाखाना. तीन खाटा, मध्ये हिरवे पडदे. बाई पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी आधी रिपोर्ट बारकाईनं पाहिले. साखर नव्हती. मग माझं डावं मनगट धरलं, तीन बोटं ओळीनं ठेवली. मग उजवं. आपल्या इथं नाडी म्हणजे घड्याळाकडं बघून मोजायची. या बाई घड्याळाकडं बघतच नव्हत्या. मला कोणीतरी आतली पानं उलटतंय असं वाटायला लागलं.

"झोप?"

"गाढ. सलग. सात तास."

"झोपता कसे? कुशीवर?"

"उताणा."

"भूक?"

"वेळेवर."

"राग येतो?"

"बिलकुल नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जीभ दाखवा."

मी अभिमानानं दाखवली.

"घासून आलात?"

"दोनदा."

"मी नको म्हटलं होतं ना?"

"तसं बरं दिसत नाही, मॅडम."

"सर, तुम्ही उत्तरपत्रिका पुसून आणलीत. आता मी तपासू काय?"

पडद्यामागून कुणीतरी खो खो हसलं.

मला खाटेवर बसवलं. बाईंनी बंद पाकिटातून सुई काढली. केसाहून जरा जाड, इतकीच. मी डोळे मिटून खांदा पुढं केला. सुई गेली ती गुडघ्याखाली, नडगीच्या बाजूला.

"मॅडम, खांदा वर आहे."

"माहीत आहे."

"दुखतोय खांदा आणि टोचताय नडगी?"

"हात उचला."

"पण यात तर्क काय? कुठली ऊर्जा कुठून कुठं जाते? ती मोजतात कशात?"

बाईंनी दोन बोटांत सुई हळूच फिरवली. "मोजता येते की नाही मला माहीत नाही, सर. आमच्या पुस्तकात वाटा काढलेल्या आहेत, मी त्या वाटेनं जाते. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. तुम्ही मोजायला आलात की हात उचलायला?"

लोक मला अजून विचारतात, सुई दुखते का. टोचताना मुंगी चावल्याइतकंसुद्धा कळत नाही. कळतं ते नंतर. आत एक जडपणा उतरतो, पाय बधिर झाल्यावर जाग येताना होतं तसं झिणझिणतं, मग एक मंद कळ वर सरकते. माझी पोटरीतून मांडीपर्यंत गेली. मी हात उचलला. खरं सांगतो, रोजच्यापेक्षा बोटभर वर गेला. मी आनंदानं "अरेच्चा" म्हणालो आणि त्याच क्षणी हिरवे पडदे काळे झाले.

शुद्धीवर आलो तेव्हा पाय उशीवर होते, सुई काढलेली, आणि शेजारच्या खाटेवरचे धर्माबादचे मिरचीचे व्यापारी काका कमरेत सुया घेऊन पालथे पडल्या पडल्याच ओरडत होते, "अय्यो, मास्तर गेले का हो?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "काय खाल्लं होतं सकाळी?"

मी वर गुंडाळलेली पँट खाली ओढायला लागलो.

"चहा?"

मी मान हलवली. आडवी.

"तुम्हाला दोनच गोष्टी करायच्या होत्या. एक खायचं होतं, एक घासायचं नव्हतं."

काका पडद्याखालून हात घालून म्हणाले, "माझ्या पिशवीत चिवडा हाय, द्या त्यांना. थोडा तिखट हाय, पण जीव परत येतो."

ज्या माणसानं भूल घ्यायला नकार देऊन घरात एवढी भाषणं ठोकली, तो फुकटात बेशुद्ध होऊन चिवडा खात होता. हे मी घरी सांगितलं नाही. तशीही त्या दिवशी मला भलतीच पेंग येत होती. पहिल्या वेळेला बहुतेकांना येते म्हणे. परतीची गाडी सोलापूरची होती. लातूर कधी येऊन मागं पडलं कळलं नाही. जाग आली तेव्हा कंडक्टर विचारत होता, "औशाला उतरता का म्होरं यायचंय?"

दुसऱ्या आठवड्यात बायको सोबत आली. तिला संशय होता. औशाहून रात्री घरी येणारा नवरा म्हटल्यावर कुणालाही येईल. या खेपेला मी खाऊन, न घासता गेलो होतो, पण उत्तरं तीच ठेवली होती. एकदा लिहिलेलं उत्तर बदलायचं नाही, हे मीच पोरांना शिकवायचो.

"झोप?"

"गाढ, सलग..."

"खोटं बोलून राहिले," बायको म्हणाली.

"तू बस ना गप."

"मॅडम, भूकंपापासून हे दाराशी झोपतात. उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली, तोंड दाराकडं. दाराला कडी लावू देत नाहीत. उशाला बॅटरी आणि पायाशी चप्पल. सगळं लातूर अंगणातून आत गेलं, पण आमचे हे अजून अर्धे अंगणातच आहेत."

"आणि उशीखाली?" बाईंनी असंच विचारलं.

"फाइल. यांची सर्टिफिकिटं."

काकांचा पडदा हलला, पण या वेळी ते हसले नाहीत.

मी सांगायला लागलो, की त्या पहाटे आमच्या घराला नुसता तडा गेला, आमचं काहीच गेलं नाही, ज्यांचं गेलं त्यांच्यापुढं आमचं काय, आणि मग एकदम लक्षात आलं की मी उत्तर देत नाही, वर्ग घेतोय. त्या पहाटे मी सगळ्यात आधी बाहेर पडलो होतो. बायकोच्या आधी. फाइल घेऊन. तिनं हे कधी काढलं नव्हतं आणि तेव्हाही काढलं नाही. मी मात्र तेव्हापासून दारात झोपायचो. पुन्हा तसं झालं तर दार उघडून धरायचं, सगळ्यांना आधी काढायचं आणि मग निघायचं. हे मी बाईंना सांगितलं. बायकोकडं न बघता.

ती म्हणाली, "एवढंच होतं? मला वाटलं फाइलची काळजी."

बाईंनी माझ्या खांद्यावर बोट ठेवलं. "यामुळंच गोठला असं मी म्हणणार नाही, सर. पण रात्रभर तुम्ही याच्यावर पडून राहायचं आणि दिवसा मी तो सोडवायचा, असं चालणार नाही. डाव्या कुशीवर झोपा."

"दाराकडं पाठ येते."

"येऊ द्या."

पहिल्या रात्री मी डाव्या कुशीवर दहा मिनिटं टिकलो. दुसऱ्या रात्री उशी दुसऱ्या टोकाला टाकली, म्हणजे डावी कूस आणि तोंड दाराकडं, दोन्ही. बायको म्हणाली, भौतिकशास्त्राचा एवढाच उपयोग झाला बघा आयुष्यात.

पुढचे दोन महिने दर रविवारी नांदेड. कधी नडगीत, कधी हाताच्या पंज्यावर, कधी खुद्द खांद्यात सुया. कधी त्यांना बारीक तारा जोडून एक छोटी पेटी लावायच्या, मग खांदा आपला आपण टकटक उडायचा. एकदा पाठीवर काचेचे पेले लावले. घरी सदरा काढला तर पाठभर गोल जांभळे डाग, बायको म्हणाली, कुणी रबरी शिक्के मारलेत का? आठवडाभरात गेले. एकदा सुईच्या जागी चांगलं काळंनिळं झालं, आणि एका रविवारनंतर दोन दिवस खांदा आधीपेक्षा जास्त ठणकला. बाईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून मी घाबरलो नाही, फक्त ओरडलो. बाई हाडांच्या डॉक्टरांचा व्यायामही सोडू देत नव्हत्या: बोटांनी भिंत चढायची, रोज शंभरदा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी पेन्सिलनं खुणा केल्या. काही आठवडे खूण वर गेली, काही आठवडे जागची हलली नाही, एकदा खाली आली. सुयांनी झालं, व्यायामानं झालं, कूस बदलल्यानं झालं, की खांद्यालाच माझा कंटाळा आला, मला सांगता येत नाही. जे छातीठोक सांगतात त्यांचं मी ऐकून घेतो आणि चहा पितो.

जूनचा पहिला तास आला. रिपीटरची बॅच, वर्ग गच्च. संचालक मागच्या दारात हात बांधून उभे, शेजारी सहा फुटी नवे सर. मी खडू घेतला आणि हात उचलला. कानाच्या वर गेला. डोक्याच्या वर गेला. आणि फळ्याच्या वरच्या कडेखाली चार बोटांवर थांबला. मी टाचा उंचावल्या. बाई म्हणायच्या, ताणा पण हिसका देऊ नका. हिसका दिला असता तर कदाचित पोहोचलो असतो आणि पुढचा महिनाभर परत ठणका. मी टाचा खाली टेकवल्या आणि जिथं हात होता तिथंच तारीख टाकली.

मागून आवाज आला, "सर, थोडं वर."

"हाताचं म्हणणं एवढंच आहे," मी म्हणालो आणि तिथून खालपर्यंत पाऊण तास फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. एकाही पोरानं तक्रार केली नाही. त्यांचं वर्षच थोडक्यात हुकलेलं. चार बोटांचं त्यांना काय.

तासानंतर केबिनमध्ये संचालक म्हणाले, "बाईनं पूर्ण बरं न्हाई केलं तुम्हाला. ठरलं होतं वरपासून."

"साहेब, आपल्याकडं बसणारी सगळी पोरं डॉक्टर होतात का?"

"सगळी कशी होतील?"

"मग चौकातल्या बोर्डावर कुणाचे फोटो लावतो आपण? लागलेल्यांचेच ना? त्यांच्या जिवावर नव्या पोरांना बोलावतो. त्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, गुण येईल किंवा येणार नाही. असं आपण एका तरी बापाला सांगितलंय?"

नवे सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. संचालकांनी पेनचं टोपण काढलं, परत घातलं. मग म्हणाले, "बॅच ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. उद्या सुतार बोलावतो, फळा खाली घेऊ अर्धा फूट."

"नको."

"आता काय झालं?"

"फळा आहे तिथंच राहू द्या. पोहोचेल तेव्हा पोहोचेन. नाही पोहोचलो, तर वरची तेवढी जागा कोरी."

"लई हट्टी माणूस हाय तुम्ही."

"हाव, आहे," मी म्हणालो आणि पुढच्या तासाला गेलो.